सहा जांभळे, सहा पिवळे

आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. तिला आम्ही कारखाना म्हणतो. हसायचं काम नाही. आत चार पाट आहेत, एक जाडजूड लाकडी ठोकळा, दोन हातोडे, हवा भरायचा पंप, किराणा दुकानानं मोडीत काढलेला तराजू आणि भिंतीला टांगलेल्या दोऱ्याच्या लडी. एवढ्या सामानावर आमच्या घरानं कोल्हापूरला फुटबॉल पुरवले. बाहेर पाटी नाही. "पाटी कशाला? हुडकत येत्यात की," असं मामा म्हणतात.

मामा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते आणि अख्खी पेठही मामाच म्हणते, त्यामुळं भाच्यांची मोजदाद नाही. वय ऐंशीच्या पुढं, कानानं तरतरीत, डोळ्यानं जरा कमी, तोंडानं मात्र अजून पहिल्या नंबरात. घरातला दुसरा आवाज माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि तिसरा माझा. माझे मालक शिरोलीकडं फाउंड्रीत कामाला. ते घरात आले की गप्प बसतात, कारण बोलायला जागाच शिल्लक नसते.

मी मूळची राधानगरीकडची. आमच्या वाडीत सपाट जागा म्हणजे भाताचं खाचर, त्यात कोण फुटबॉल खेळणार? खेळ माहीत नाही, तालीम माहीत नाही, पेठ माहीत नाही. लग्नात बोहल्यावर पिवळी साडी नेसायची आमच्यात रीत, तशी मी नेसले. वरात पेठेत शिरली आणि तालमीच्या कट्ट्यावर बसलेली पोरं एकदम गप्प झाली. मला वाटलं, नवी नवरी बघून लाजली असतील. लाजतायत कसली! त्यातल्या एकानं मोठ्यानं विचारलं, "मामा, सून कुठल्या पेठेची आणलीसा?" मामांनी वरातीतच वळून सांगितलं, "हळदीचा रंग हाय तो, मुडद्यांनो, उद्या उतरंल!"

मग हळूहळू उलगडा झाला. आमच्या पेठेच्या संघाचा रंग जांभळा. तीन गल्ल्या सोडून पलीकडची पेठ, तिचा पिवळा. आता कोल्हापुरात तालमी कुस्तीच्या होत्या आणि आहेत, पण त्याच तालमींनी फुटबॉल उचलला आणि असा उचलला की खाली ठेवायलाच तयार नाहीत. सामना असला की दुकानाची शटरं अर्धी खाली येतात. लग्नाची तारीख काढताना भटजींच्या आधी तालमीत विचारतात, त्या दिवशी सामना नाही ना म्हणून. आणि आमच्या घरात तर पडदे जांभळे, बादल्या जांभळ्या, सोफ्याची खोळ जांभळी. मुलाच्या बारशाला आलेली पिवळी झबली आत्याबाईंनी गुपचूप पाहुण्यांत वाटून टाकली. मी सुरुवातीला कपाळाला हात लावला. दोन वर्षांनी मीच बाजारात पिवळा टॉवेल बघून पुढं जायला लागले. माणूस बिघडायला वेळ लागत नाही.

कारखाना कसा सुरू झाला ते मामांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मामा चुकले तर मी दुरुस्त करते. आमचं घर मुळात चपलांचं. मामांचे वडील चपला करायचे, मामाही तेच शिकले. त्या काळी चेंडू चामड्याचा असायचा, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाला बुटासारखी नाडी. पाऊस पडला की चामडं पाणी पिऊन दगड व्हायचं. हेड मारताना नाडीची बाजू कपाळाला लागली की खेळाडू घरी जाईपर्यंत चांदण्या मोजायचा. चेंडू फाटला की तालमीची पोरं तो मामांकडं आणायची. चामड्याचं काम म्हणजे चप्पलवाल्याचं, एवढा साधा हिशेब. मामा आरीनं भोकं पाडून शिवून द्यायचे, ब्लॅडरला सायकलचं पंक्चर लावायचे आणि गुडघ्यावर आपटून बघायचे.

पुढं बाहेरगावाहून नव्या धर्तीचे चेंडू यायला लागले. काळे-पांढरे, तुकड्यातुकड्यांचे. तालमीनं एक घेतला. तो उसवला तसा मामांकडं आला. मामांनी तो शिवला नाही. सगळा उसवला. तुकडे सतरंजीवर मांडले, मोजले. पाच कोनांचे बारा, सहा कोनांचे वीस. कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतले आणि तालमीला निरोप धाडला की चेंडूला आठ दिवस लागतील. आठ दिवसांनी तालमीला त्यांचा चेंडू मिळाला आणि मामांकडं स्वतःचा एक तयार झाला. मामांचा तो पहिला चेंडू. फक्त एक गंमत झाली. हे चेंडू आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचे असतात आणि शेवटी थोडं तोंड उघडं ठेवून, त्यातनं अख्खा चेंडू उलटा करून घ्यायचा असतो. मामांना हे कोण सांगणार? त्यांनी चपलेसारखा सुलट शिवला. सगळ्या शिवणी बाहेर. हवा भरल्यावर फणस दिसायला लागला. आत्याबाई सांगतात, "आठवडाभर माझ्याशी बोलत न्हवते. मी म्हनलं, पिकला की सांगा, गरे काढू."

दुसरा चेंडू मात्र गोल झाला. मग मामांचे हात थांबेनात. चामड्याच्या जागी रेक्झिनसारखं कापड आलं, त्याच्या पाठीला कापडाचे थर चिकटवून उन्हात वाळवायचं, साच्यानं आणि हातोड्यानं तुकडे पाडायचे, भोकं पाडायची. शिवणकाम गल्लीतल्या बायकांनी उचललं. दुपारी भांडी आवरली की बायका आमच्या शेडमध्ये. गुडघ्यात लाकडी चिमटा धरायचा, त्यात दोन तुकडे पकडायचे, मेण लावलेल्या दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, दोन्ही हातांनी एकाच भोकातून समोरासमोर ओवायच्या आणि दोन्ही हात पसरून खच्चून ओढायचं. दोरा बोटं कापतो म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे बोटांत घालायचे. तोंडं मोकळीच असायची, त्यामुळं शहरातल्या सगळ्या बातम्या आमच्याकडं आधी यायच्या.

मी बसले ती हट्टानं. मामा म्हणाले, "नव्या सुनंला कशाला?" मी म्हटलं, "मामा, भाकरी गोल करती, ह्योबी करीन." पहिला चेंडू पंप लावल्या लावल्या उसवला, फट्टदिशी. मामा हसले नाहीत. उसवलेली शिवण त्यांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "टाका ढिला न्हाय. टाका एक ढिला, एक घट्ट हाय. ह्या बाजूला राग आलता तुला, त्या बाजूला कंटाळा." खरंच तसंच झालं होतं, आत्याबाईंशी सकाळी माझं वाजलं होतं. त्या दिवसापासून मी भांडण आधी मिटवते, मग शिवायला बसते. किंवा भांडण राखून ठेवते आणि चेंडू झाल्यावर करते. वर्ष-दीड वर्षात मामा बाकीच्यांना सांगायला लागले, "हिच्यावानी दोरा वडा." माझ्या बापानंही माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. मला त्या दिवशी रडू आलं, हे मी कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

आमचे चेंडू सगळ्या पेठांत जायचे. पिवळ्यांच्यातही. धंद्याला रंग नसतो असं मामा म्हणायचे आणि पिवळ्यांचा माणूस चेंडू घेऊन गेला की दाराला पाणी मारायचे. पण सगळे चेंडू जायचे ते सरावाला. स्पर्धेच्या सामन्याला चेंडू यायचा बाहेरचा, खोक्यातला, चकचकीत. मामा दरवर्षी कमिटीकडं जायचे. कमिटी बदलायची, उत्तर तेच. "मामा, तुमचा चेंडू सरावाला एक नंबर. पण फायनलला जरा हे पाहिजे." हे म्हणजे काय ते कुणी सांगायचं नाही. मामा घरी यायचे, पायातल्या चपला भिंतीला आपटायचे आणि म्हणायचे, "सरावाला म्हनं. हितं शिकायचं आमच्यावर आणि लगीन दुसरीकडं." एकदा तरी आपला चेंडू मोठ्या मैदानावर, फायनलला, भरल्या गॅलरीसमोर पडावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं. दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीला मालकांनी विचारलं, काशीला जायचं का? मामा म्हणाले, "काशीत फुटबॉल खेळत्यात व्हय?"

आणि मग शिवायच्याऐवजी मशीनवर चिकटवलेले चेंडू आले. गुळगुळीत, टाकाच नाही. तालमी सरावालाही तेच घ्यायला लागल्या. आमच्या शेडमधल्या बायका एकेक करून कमी झाल्या. कुणी शिवणक्लास काढला, कुणी डबे करायला लागलं, एक तर सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. राहिलो आम्ही तिघं. मामा कापायचे, आत्याबाई दोऱ्याला मेण लावायच्या, मी शिवायची. मामांच्या मनातलं मला कळत होतं. आता नाही तर कधीच नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धेच्या कमिटीचा नवा अध्यक्ष झाला. हा कधीकाळी आमच्याच चेंडूवर खेळलेला. मामा नेहमीसारखे गेले आणि नेहमीसारखे परत यायच्या तयारीनं गेले. तर हा म्हणाला, "मामा, आणा चेंडू. फायनलच्या दोन दिवस आधी पंचांसमोर ठेवू. मापात बसला तर खेळवू. पण मापात, हं."

मामा घरी आले आणि चपला दारात सरळ ठेवल्या. आत्याबाईंनी त्यावरूनच ओळखलं.

घरात लगीनघाई उडाली. मामांनी कापडाचे थर स्वतः चिकटवले, वाळवले, परत तपासले. तुकडे पाडताना मला हातोड्याला हात लावू दिला नाही. मी तीन चेंडू शिवले. त्यातला एक मामांनी नाकारला, त्यात एक गाठ दुसरीपेक्षा जाड होती. गाठ जाड झाली की चेंडू हवेत डुलतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरा मीच नाकारला. तिसऱ्याचा शेवटचा टाका, जो बाहेरून, आत न बघता, नुसत्या बोटाच्या अंदाजानं बंद करायचा असतो, तो घालताना आत्याबाईंनी शेडचं दार लावून घेतलं, कुणी शिंकू नये म्हणून. चेंडू झाला. मामांनी तो तराजूत घातला, टेपनं मोजला, शेडच्या फरशीवर टप्पा घेतला. मग पदर मागितला, माझा, आणि चेंडू पुसला. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो. इतका देखणा चेंडू मी त्याआधी शिवला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

दोन दिवस आधी सकाळी आम्ही कमिटीच्या कार्यालयात गेलो. मीही गेले, कारण मामांना डोळ्यानं कमी दिसतं आणि रस्त्यानं चेंडू धरायला कुणीतरी पाहिजे होतं. अध्यक्ष होते, पंच होते, आणि फायनलला आलेल्या दोन्ही संघांचे कॅप्टन होते. त्या वर्षी फायनलला कोण? आम्ही आणि पिवळे. दुसरं कोण असणार!

पंच शांत माणूस. त्यांनी चेंडूचं वजन केलं, घेर मोजला, दोन-तीन बाजूंनी मोजला, डोक्याच्या वर धरून सोडला, टप्पा बघितला. पुन्हा सोडला. मग चेंडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी काही तक्रार नाही." मामांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात पिवळ्यांचा कॅप्टन पुढं झाला. पंचविशीतलं पोरगं, खांद्यानं रुंद. चेंडू उचलला, फिरवला आणि म्हणाला, "चेंडू ब्येस हाय. पर ह्यो जांभळा हाय की."

मी चेंडूकडं बघितलं. पांढऱ्यावर बारा तुकडे. बाराच्या बारा गर्द जांभळे.

आईशप्पथ सांगते, आम्हाला दिसलंच नव्हतं. मामांनी कापला, मी शिवला, आत्याबाईंनी दृष्ट काढली, माझ्या मालकांनी फोटो काढले. घरातल्या एकालाही सुचलं नाही की हा रंग आहे. आमच्या घरात जांभळा हा रंग नसतोच मुळी, तो नुसता असतो, भिंतीसारखा. मामांनी शेडमधलं जे चांगल्यातलं चांगलं कापड होतं ते घेतलं, आणि आमच्या शेडमध्ये चांगल्यातलं चांगलं कापड कुठल्या रंगाचं असणार?

"मुद्दाम न्हाय केलेलं," मामा म्हणाले. आवाज एवढा बारीक मी त्यांचा ऐकला नव्हता.

"मामा, तुमचा शब्द मानतो मी," कॅप्टन म्हणाला. "पर आमची पेठ गॅलरीत काय म्हनंल? त्यांच्या रंगाच्या चेंडूवर खेळलासा? हारलो तर घरात घेनार न्हाईत, जिकलो तर कुनी मानणार न्हाई." आमचा कॅप्टन लगेच उसळला, "घाबरलासा व्हय?" मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. अध्यक्षांनी हात जोडले आणि म्हणाले, "मामा, जाऊ द्या. खोक्यातला चेंडू आहेच माझ्याकडं."

माझं टाळकं सरकलं. मी टेबलावर हात आपटला. "खोक्यातला ऱ्हाऊ दे खोक्यात! रंगाचं दुखणं हाय न्हवं? मग बारातले सहा पिवळे करतो. मंजूर हाय का बोला!" मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घर विकायला काढलं होतं. पिवळ्यांचा कॅप्टन म्हणाला, "सहा?" मी म्हटलं, "मोजून घे." अध्यक्ष म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत?" मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "आन् पिवळं कापड?" खरंच की. आमच्या शेडमध्ये पिवळा दोरासुद्धा नव्हता. आणि शिवलेला चेंडू उसवून चालत नाही, भोकं मोठी होतात. म्हणजे नवाच शिवायचा. मी म्हटलं, "मिळंल." कुठं मिळेल ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारी दाराशी तोच पिवळ्यांचा कॅप्टन उभा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी. आमच्या गल्लीतली माणसं दारादारात येऊन बघायला लागली होती, पण तो मान ताठ ठेवून आला. म्हणाला, "काकी, रिक्षाच्या सीटा शिवतो आमचा चुलता. त्याच्याकडचं हाय. चालंल का बघा." आत्याबाई म्हणाल्या, "या पावणं, बसा." मामांनी कापड बोटांत चुरगाळलं, ओढलं, पाठीमागून बघितलं. कापड चांगलं होतं. वाईट निघालं असतं तर मामांना फार बरं वाटलं असतं.

पाठीला थर चिकटवून पत्र्यावर वाळवलं. कडक ऊन होतं, लवकर वाळलं. मग ते ठोकळ्यावर पसरलं, वर साचा ठेवला आणि मामांनी हातोडा उचलला. उचलला तो तसाच धरून बसले. मी बघतेय, आत्याबाई बघतायत, कॅप्टन चहाचा कप धरून बघतोय. मामा म्हणाले, "उभ्या जन्मात पिवळ्याला हात लावला न्हाय."

"अवो, मग?" आत्याबाई म्हणाल्या. "सामन्याला गेला की वरडत असता न्हवं, पिवळ्यांना कापा म्हणून! आता दिलाय हातात, कापा की!"

कॅप्टनला ठसका लागला. चहा नाकातनं आला. मामा हसायला लागले, हातोडा खाली ठेवून हसले, आणि मग सहा घाव घातले, खाडखाड, एकामागं एक. एकही तिरका गेला नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी शिवायला बसले. कॅप्टन परत आला. म्हणाला, नुसता बघतो. मला वाटलं पाळत ठेवायला आला असेल, सहाचे पाच होऊ नयेत म्हणून. पण तो शेडच्या भिंतीवर टांगलेले जुने चेंडू बघत होता. मग म्हणाला, "काकी, आमच्या तालमीत असलेच होते. मी पहिली किक असल्यावर मारली. कोन शिवायचं?" मी दोरा ओढत म्हटलं, "कोन शिवणार? बसलीया की तुझ्या पुढ्यात." नंतर चिमट्यातून पडलेली सुई त्यानं खाली वाकून शोधून दिली. जेवायच्या वेळेच्या आत चेंडू झाला. पंचांनी पुन्हा मोजला, कॅप्टननं तुकडे मोजले, सहा जांभळे, सहा पिवळे, आणि अध्यक्षांनी तो स्वतःच्या हातानं कपाटात ठेवला.

फायनलला स्टेडियम असं भरलं की हात वर केला तर खाली घ्यायला जागा नाही. आम्ही आमच्या पेठेच्या बाजूला बसलो. मामा मध्ये, एकीकडं मी, दुसरीकडं आत्याबाई. समोरची गॅलरी पिवळीजर्द. चेंडू मधल्या वर्तुळात ठेवला तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं आणि सामना संपेपर्यंत सोडलं नाही. हाताला वळ उठले.

खरं सांगते, सामना मी बघितलाच नाही. मी शिवण बघत होते. प्रत्येक लाथेला टाका धरतोय का, एवढंच. इकडून हाणला, तिकडून हाणला, खांबावर आदळला, जाळीमागच्या भिंतीवर आपटला. पंच मध्येच चेंडू उचलून दाबून बघायचे आणि मी बाकड्यावरनं अर्धी उठायची. ते खाली ठेवायचे. मध्यंतर झालं, शून्य-शून्य. मामा पाणीही प्यायले नाहीत. "अर्धा झाला," एवढंच म्हणाले.

सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना पिवळ्यांना फ्री किक मिळाली. लांबून. आमच्या पोरांनी भिंत उभी केली. मारायला तोच आला, कॅप्टन. त्यानं चेंडू ठेवला, जरा फिरवला, मागं सरकला आणि मारला. चेंडू भिंतीच्या डोक्यावरून वर गेला. आता बाहेर जाणार, असं आमच्या बाजूचा एकेक माणूस ओरडला. आणि तो वळला. ना डुलला, ना थरथरला. जांभळा-पिवळा एक होऊन गरगरत, आमच्या गोलकीपरच्या बोटांपासून चार बोटं लांबून, वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीला लटकला.

समोरची गॅलरी फुटली. आमची बाजू मेल्यासारखी झाली. कुणी डोकं धरलं, कुणी खाली बसलं.

आणि माझं मनगट सुटलं. मामा उभे राहिले होते. ऐंशीचा माणूस, बाकड्यावर चढून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होता. सबंध जांभळ्या गॅलरीत एकटा. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू.

पुढच्या रांगेतल्या आमच्या तालमीच्या वस्तादांनी मागं वळून बघितलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. त्यांनी मामांचं धोतर ओढलं. "मामा, अवो मामा! बसा खाली! गोल आपल्यावर झालाय!"

"ठावं हाय की रं!" मामा ओरडले. "दिसतंय मला! हरतोय आपण! पर चेंडू बघितलास न्हवं? बघितलास का कसा गेला?"

आजूबाजूची माणसं आमच्याकडं खाऊ का गिळू बघत होती. मी त्या माणसांना ओळखते, त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. मला त्या क्षणी कुणाची भीती वाटली नाही. मी उठले. बोटं दोऱ्यानं कापलेली होती, टाळी वाजवताना ठणकत होती, तरी वाजवली. आत्याबाई म्हणाल्या, "आता पेठ आमास्नी जेवायला बोलवायची न्हाय," आणि त्याही उठल्या.